वोक : शिवी कुणाची, हाक कुणाची?

दोस्तांनो, सध्या एक शिवी फार स्वस्त झालीय. 'वोक'. कुणी आरक्षणाच्या बाजूनं बोललं, म्हणा वोक. पोरगी जातीबाहेर लग्न करते म्हणाली, म्हणा वोक. वर्गात कुणी उठून विचारलं की सर, हे पुस्तक जातीबद्दल गप्प का, तर मागच्या बाकावरून खिदळणं, आला बघा वोक! हे नुसतं पेठेतल्या वाड्यांतून येत असतं तर मी यावर शाई खर्चली नसती. त्यांच्या शिव्या आपण पिढ्यानपिढ्या खाल्ल्यात, पचवल्यात, काही व्याजासकट परतही केल्यात. पण आता आपल्याच वस्तीतली, आपल्याच होस्टेलमधली, गळ्यात निळा रुमाल टाकणारी पोरं ही शिवी एकमेकांना घालतात. मोबाईलवर आलं की पुढं ढकलायचं आणि हसायचं. ज्या शब्दाच्या पोटात फाशीचा दोर आहे त्याच्यावर आपण हसतोय. च्यायला, हे मला चालणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'वोक' ही शिवी नाही. तो छातीवर मिरवायचा बिल्लाही नाही. पहाऱ्यावरच्या माणसानं पहाऱ्यावरच्या दुसऱ्या माणसाला दिलेली ती हाक आहे. ती कुणी दिली, कुणाला दिली, कशासाठी दिली आणि कुणी चोरली, एवढंच या लेखात आहे.

१. क्रियापदाचीही जात असते

इंग्रजीत जागं होण्याला एक नाही, चार क्रियापदं आहेत. वेक, अवेक, वेकन, अवेकन. चौघं एकाच जुन्या घराण्यातली, त्यांची रूपं एकमेकांत इतकी गुंतलेली की खुद्द इंग्रजांची पोरं अडखळतात. आपण शाळेत घोकलं : वेक, वोक, वोकन. मास्तरनं छडी घेऊन पाठ करून घेतलं. पण या भावंडांत थोरला कोण, धाकटा कोण, कोण ओसरीवर बसतो आणि कोण उकिरड्याशी, हे मास्तरनं सांगितलं नाही.

'वेक' हा रोजच्या अंथरुणातला शब्द. गजर झाला, वेक. 'अवेकन' हा व्यासपीठावरचा शब्द. राष्ट्र अवेकन होतं, आत्मा अवेकन होतो. अमेरिकेत अठराव्या शतकात गोऱ्यांच्या धर्मजागृतीची मोठी लाट आली, तिला 'ग्रेट अवेकनिंग' म्हणतात. तिच्यातला सगळ्यात गाजलेला प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड. हजारोंच्या सभा घेऊन लोकांचे आत्मे जागे करायचा. हाच माणूस जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरी कायदेशीर करा म्हणून खटपट करत होता, आणि स्वतःही गुलाम बाळगून होता. आत्मा जागा, आणि शेतात राबणारा काळा माणूस मालमत्तेच्या यादीत. म्हणून सांगतो, कोण कुणाला जागं करायला निघालाय ते आधी बघा.

आता व्याकरणाची गोम बघा. इंग्रजीत 'मी उठलो' आणि 'मी त्याला उठवलं' दोन्हीला तेच वेक चालतं. मराठीत आपण फरक करतो. उठणं वेगळं, उठवणं वेगळं. जागणं वेगळं, जागवणं वेगळं. हा नुसता भाषेचा नाही, राजकारणाचा फरक आहे. उठवणारा उभा असतो, उठणारा आडवा असतो. उठवणाऱ्याच्या हातात कंदील असतो, उठणाऱ्याच्या डोळ्यात चिपडं. शंभर-सव्वाशे वर्षं आमच्याकडे जो येतो तो कंदील घेऊनच येतो. समाजसुधारक आले, हरिजनसेवक आले, आता प्रकल्पवाले येतात. सगळ्यांचं एकच क्रियापद : जागृती करणे. कर्ता ते, कर्म आम्ही.

काळ्या माणसांनी या क्रियापदाचं काय केलं? त्यांनी ते मोडलं. शाळेच्या व्याकरणाप्रमाणे 'जागे राहा' म्हणजे 'स्टे अवेक'. काळ्यांच्या बोलीत ते झालं 'स्टे वोक'. गोऱ्या मास्तरनं त्याखाली लाल रेघ ओढली असणार. आमच्या 'व्हतं', 'न्हाई', 'आलता' याच्याखाली जशी ओढली तशीच. पण त्या अशुद्ध दोन शब्दांत जे आहे ते शुद्ध चार क्रियापदांत मिळून नाही. 'वेक अप' म्हणजे तू झोपलायस, ऊठ. 'स्टे वोक' म्हणजे तू जागाच आहेस हे मला ठाऊक आहे, आता डोळा लागू देऊ नको. पहिलं वाक्य वरून खाली पडतं. दुसरं वाक्य खांद्याला खांदा लावून बोललेलं असतं.

२. आलाबामाची गाडी

२५ मार्च १९३१. अमेरिकेच्या दक्षिणेतलं आलाबामा राज्य. मालगाडीतून कामाच्या शोधात फिरणारी पोरं. गोऱ्या-काळ्यांची मारामारी झाली, पुढच्या ठिकाणी गाडी अडवली, नऊ काळ्या पोरांना पकडलं. गाडीत दोन गोऱ्या बायका सापडल्या आणि आरोप ठेवला गेला बलात्काराचा. सगळ्यात धाकटा पोरगा जेमतेम तेराच्या आसपास. स्कॉट्सबरो गावात खटले उरकले, पंच सगळे गोरे, काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड. पुढं १९३३ साली त्या दोघींतल्या एकीनं कोर्टात उभं राहून सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरी पंचांनी पुन्हा दोषीच ठरवलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला १९३२ मध्ये आणि १९३५ मध्ये दोनदा निकाल फिरवावे लागले. फाशी टळली, पण पोरांची वर्षंच्या वर्षं तुरुंगात सडली. शेवटच्या तिघांना आलाबामा राज्यानं माफी दिली ती २०१३ साली. तोवर तिघंही मेलेले. मढ्याला माफी!

या पोरांवर लेडबेली या काळ्या गायकानं गाणं केलं. हा माणूस स्वतः टेक्सास आणि लुइझियानाच्या तुरुंगात खडी फोडलेला, त्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणं संपल्यावर तो साध्या बोलण्यात आपल्या लोकांना सांगतो : तिकडून जाताना जरा जपून, स्टे वोक. बस. तत्त्वज्ञान नाही, घोषणा नाही. एसटीत बसलेल्या पोराला आई खिडकीतून सांगते ना, त्या गावात उतरू नको, कुणी नाव विचारलं तर आडनाव सांगू नको, तसं. आपल्यातल्या किती जणांच्या आयांनी असं सांगितलंय, हात वर करा. मग 'वोक' शब्दाचा अर्थ मी तुम्हाला समजवायची गरज नाही. तो तुमच्या घरचाच आहे.

दुसरा पुरावा खाणीतला. जे. सॉन्डर्स रेडिंग या काळ्या लेखकानं १९४२ साली खाणकामगार युनियनच्या एका काळ्या पुढाऱ्याचं बोलणं नोंदवून ठेवलंय. त्याचा मतलब असा की झोपी जाण्यापेक्षा जागं होणं लई जड, पण आता झालोय तर आम्ही जास्त काळ जागे राहू. इथं बघा, तो 'तुम्ही' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. उठवणारा आणि उठणारा एकच. कंदील त्याच्याच हातात.

आणि मार्टिन ल्यूथर किंग. ३१ मार्च १९६८ ला वॉशिंग्टनच्या मोठ्या चर्चमध्ये त्यांनी प्रवचन दिलं, त्याचं नावच 'रिमेनिंग अवेक थ्रू अ ग्रेट रेव्होल्यूशन', म्हंजे थोर क्रांतीच्या काळात जागं राहणं. त्यांनी रिप व्हॅन विंकलची गोष्ट घेतली. हा गडी डोंगरावर वीस वर्षं झोपला. झोपायला गेला तेव्हा खाणावळीच्या पाटीवर इंग्लंडच्या राजाचं चित्र होतं, परतला तेव्हा वॉशिंग्टनचं. मधल्यामधी क्रांती होऊन गेली आणि हा घोरत होता. किंग शुद्ध व्याकरणात बोलले, पण बात तीच. चार दिवसांनी, ४ एप्रिलला, त्यांना गोळी घातली. जागं राहण्याची किंमत ही अशी असते.

३. चोरी

आता चोरीची हकीकत. २० मे १९६२ च्या न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये विल्यम मेल्विन केली या चोवीस वर्षांच्या काळ्या लेखकाचा लेख आला : 'इफ यू आर वोक, यू डिग इट'. विषय काय? काळ्या वस्तीतली बोली गोरे बीटनिक कशी उचलतात, आणि त्यांनी उचलली की काळी माणसं तो शब्द टाकून नवा कसा घडवतात. म्हणजे चोरी होण्याआधीच चोरीची फिर्याद लिहून ठेवलेली. पुढं ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशानं २०१७ साली हा अर्थ दाखल करून घेतला आणि पुरावा म्हणून केलीचाच लेख लावला. एका काळ्या माणसाच्या तक्रारीला पंचावन्न वर्षांनी आवक-क्रमांक मिळाला.

मधल्या काळात शब्द वस्तीत जिवंत होता. २००८ साली एरिका बाडूच्या गाण्यातून तो नव्या पोरांच्या तोंडी आला. ९ ऑगस्ट २०१४ ला फर्ग्युसन गावात मायकेल ब्राऊन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र काळ्या पोराला पोलिसानं गोळ्या घातल्या. त्याचं प्रेत सुमारे चार तास रस्त्यावर उन्हात पडून होतं. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या पोरांनी एकमेकांना हाच निरोप धाडला : स्टे वोक. पोलीस कुठं उभे आहेत बघा, कॅमेरा चालू ठेवा, एकट्यानं फिरू नका. पुन्हा तीच आलाबामाची गाडी.

आणि मग बाजार आला. शब्द विकायला निघाला. कंपन्यांनी जाहिरातीत घातला, टी-शर्टवर छापला. ज्याच्या जिवाला कधीच धोका नव्हता तो म्हणू लागला, मी वोक. पहारा गेला, पोझ उरली. बाजारानं शब्द असा पोकळ केल्यावर सत्तेला तो उचलून फेकायला सोपा गेला. फ्लॉरिडा राज्यानं २०२२ साली कायदाच केला, नावातच वोक थांबवा असं घालून. वर्गात आणि नोकरीच्या ठिकाणी वंशभेदाबद्दल काय शिकवायचं यावर बंधनं. त्यातली काही कलमं कोर्टांनी रोखली. पण २०२५ येईतो तोच शब्द वॉशिंग्टनच्या गादीवर पोचला. राष्ट्राध्यक्षानं मार्चमध्ये संसदेसमोर सांगितलं की आता देश वोक राहणार नाही, आणि जुलैमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलच्या सरकारी हुकुमाच्या मथळ्यातच हा शब्द शत्रू म्हणून घातला. ज्या शब्दानं काळी आई पोराला जपायची, तो शब्द सरकारी गॅझेटात आरोपीच्या पिंजऱ्यात!

पण सगळ्यात मोठी गंमत २०२२ च्या डिसेंबरात झाली. फ्लॉरिडाच्या गव्हर्नरच्या मुख्य वकिलाला कोर्टात शपथेवर विचारलं, वोक म्हणजे काय? त्याचं उत्तर साधारण असं : अमेरिकन समाजात व्यवस्थेतच अन्याय आहे आणि तो दूर केला पाहिजे, असं मानणं.

दोस्तांनो, हे वाक्य दोनदा वाचा. ही शत्रूनं शपथेवर केलेली व्याख्या आहे. या व्याख्येत अमेरिका पुसून भारत लिहा आणि सांगा, जोतिबा कोण? सावित्रीमाई कोण? चवदार तळ्यावर १९२७ साली हात बुडवणारे बाबासाहेब कोण? अन्याय एखाद्या वाईट बामणाच्या मनात नसून व्यवस्थेच्या हाडात आहे, हे ज्यानं सांगितलं तो सगळा आपला वंश. मग तू ज्याला वोक म्हणून हिणवतोस तो कोण? तुझा बाप आहे तो!

४. मालवाहू जहाज आणि प्रवासी जहाज

कुणी म्हणेल, अमेरिकेचं लचांड आपल्या गळ्यात कशाला? तर ऐका. १८७३ साली 'गुलामगिरी' छापताना जोतिबांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला हातभार लावला. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. तेव्हा आपल्या माणसांनी 'पँथर' हा शब्द काळ्यांच्या हातून घेतला, हातात हात देऊन घेतला, आणि कामाठीपुऱ्यापासून वरळीपर्यंत त्याला आपला अर्थ दिला.

'वोक' मात्र आपल्याकडे काळ्यांच्या हातून आला नाही. तो आला गोऱ्या टीव्हीवाल्यांच्या थुंकीतून, तिथून इथल्या मनुवाद्यांच्या मोबाईलवर, आणि तिथून आपल्या. तीच अमेरिका, पण जहाज बदललं. एकावरून सोबती आला, दुसऱ्यावरून मालकाचा चाबूक. चाबूक परदेशी आहे म्हणून फॅशन वाटते, एवढंच.

दुसरी बाजूही सोडत नाही. आपल्याच शहरात इंग्रजी बोलणारे काही 'वोक' आहेत. सहा डिसेंबरला बाबासाहेबांचा फोटो टाकतात, घरी मोलकरणीचा कप वेगळा. भाड्यानं खोली मागायला आमचं पोरगं गेलं की सोसायटीचा नियम आठवतो. जात या विषयावर आम्हालाच भाषण देतात. आमच्या पोरांना या ढोंगाची चीड आहे, आणि ती रास्त आहे. पण मग ढोंगाला ढोंग म्हणा ना! सोनं पितळ निघालं तर सोनाराला धरतात, सोन्याला नाही. चोरानं तुझ्या भावाचा सदरा घातला म्हणून तू सदरा जाळणार?

५. जागल्या

आता आपल्या भाषेत या. गावगाड्यात एक काम होतं : जागल्या. रात्री गावाची राखण करणारा. बहुतेक ठिकाणी ते महाराच्या गळ्यात, कुठं मांग, कुठं रामोशी. येसकर वेशीवर, तराळ पाटलाच्या दारात, जागल्या गस्तीवर. गाव घोरायचं, आमचा आजा जागायचा. चोरी झाली तर पहिली विचारणा त्याच्याकडे. मोबदला काय? शिळी भाकर आणि वतनाचा तुकडा. ते वतन म्हणजे गुलामीचं कुलूप आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं, ही कनिष्ठ वतनं कायद्यानं खालसा व्हायला १९५८ साल उजाडलं.

आणि वर हे आम्हाला सांगणार, जागे व्हा! अरे, झोपलं कोण होतं? कोजागिरीच्या रात्री म्हणे लक्ष्मी फिरते, 'को जागर्ति' विचारते, जो जागा त्याला धन देते. मग वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री जागणाऱ्या जागल्याच्या खोपटात ती कधीच कशी शिरली नाही? देवाला पहाटे काकडआरती करून उठवतात. काळाराम रोज उठत होता, १९३० पासून दारात पाच वर्षं उभी असलेली माणसं त्याला दिसली नाहीत. उठणं आणि जागं असणं यात हा एवढा फरक आहे.

मराठीत जागणं या क्रियापदाला आणखी एक अर्थ आहे, तो इंग्रजीच्या चारी भावंडांत नाही. मिठाला जागणं. शब्दाला जागणं. आमच्या बापजाद्यांना मिठाला जागायला शिकवलं, आणि मीठ नेहमी मालकाचं. बाबासाहेबांनी हे क्रियापदच काढून घेतलं. ४ फेब्रुवारी १९५६ ला 'जनता' पत्राचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. बुद्ध हे 'बुध्' धातूचं भूतकाळवाचक रूप आहे, अर्थ जागा झालेला. वोकसारखंच रूप, वोकचाच अर्थ! बुद्धाला कुणी येऊन जागं केलं नाही. आणि परिनिब्बानाच्या वेळचा त्याचा शेवटचा उपदेश कसला? अप्रमादाचा. गाफील राहू नका. आता सांगा, स्टे वोक परकं आहे?

म्हणून माझ्या मागण्या तीन.

एक : आपल्या बैठकीत, होस्टेलात, ग्रुपवर हा शब्द शिवी म्हणून वापरणं आजपासून बंद. जो पाठवेल त्याला स्कॉट्सबरोची नऊ पोरं सांगा. तरीही हसला तर तो आपला नाही.

दोन : बिल्ला म्हणूनही नको. मी वोक आहे असं कुणी स्वतःबद्दल म्हणायचं नसतं. पहारेकरी स्वतःला शाबासकी देत नाही, तो शेजारच्याला हाक देतो.

तीन : आपली जागृती करायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपला पुढारी का असेना, विचारा : बाबा, या वाक्यात कर्ता कोण? तू असशील तर कंदील ठेव आणि चालू लाग.

बाकी काम जुनंच आहे. स्कॉलरशिप अडली की त्याच दिवशी ऑफिसावर धडका. ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहून घेतात का ते ठाण्यात बसून बघा, प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. खटला उभा राहील तेव्हा तारखेला कोर्टात हजर राहा, साक्षीदाराला एकटं घरी जाऊ देऊ नका. यालाच जागं राहणं म्हणतात. गावासाठी जागलो, मालकासाठी जागलो, आता एकमेकांसाठी जागू. मिठाला नाही, शब्दाला जागू. शब्द आपण दिलाय, नागपूरच्या मैदानावर, १४ ऑक्टोबर १९५६ ला.

जागते रहो. जय भीम!